बाटलीतली अश्वगंधा

बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची हलकी जमीन ज्यांनी कसली आहे, त्यांना ढोरगुंज ओळखून द्यावी लागत नाही. शिरूर कासारहून कुठल्याही वाडीच्या रस्त्याला लागा. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीलगत, बांधाच्या दगडांत ती उभी असते. कुणी पेरलेली नसते, कुणी पाणी घातलेलं नसतं. पानांवर राखट लव, आणि कागदी पिशवीत गुंडाळून ठेवल्यासारखं गुंजेएवढं लाल फळ. मूळ उपटून बोटांत चोळलं की घोड्याच्या अंगाचा वास येतो. हीच अश्वगंधा. तिचं चूर्ण डबीत बसून दुकानात येतं तेव्हा याच बांधांवरून चालत जाऊन माणसं ते विकत आणतात, तो भाग वेगळा.

आता ही ढोरगुंज बाटलीत घालू.

शेंड्याकडचा, पेर असलेला सेंटिमीटरभर तुकडा घ्यायचा. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायचा, मग ब्लीचच्या पातळ द्रावणातून काढायचा, मग उकळून निववलेल्या पाण्यानं तीन-चार वेळा खळबळायचा. पुढचं काम गाळलेल्या हवेच्या झोतासमोर, स्पिरिटच्या दिव्याजवळ, चिमटा दर वेळी ज्योतीवर धरून. बाटलीच्या तळाशी आगरची थलथलीत गादी असते. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅमच्या आसपास आगर, आणि मुराशिगे व स्कूग या जोडगोळीनं १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी ठरवून दिलेले क्षार. साठ वर्षं उलटली तरी अर्ध्या जगाच्या बाटल्या त्याच यादीवर चालतात. हे मिश्रण १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं शिजवून निर्जंतुक करतात. घरचा प्रेशर कुकर साधारण याच दाबावर शिट्टी देतो, त्यामुळे ऑटोक्लेव्ह बिघडला की तालुक्याच्या कॉलेजात काय वापरतात हे सांगायला नको. नंतर बाटल्या पंचवीस अंशांच्या खोलीत, रोज १६ तास ट्यूबच्या उजेडात. बाहेर मे महिना भाजून काढत असतो. आत अश्वगंधेला एसी.

माध्यमात दोन संप्रेरकं असतात, आणि सगळी गंमत त्यांच्या वजनकाट्यात आहे. ऑक्सिन जास्त पडलं तर तुकड्याला मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त पडलं तर फुटवे. दोन्ही बरोबरीनं दिली तर तुकडा बिचारा गोंधळतो आणि नुसता पांढुरका गोळा होऊन वाढत राहतो. त्या गोळ्याला कॅलस म्हणतात. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये हे दाखवून दिलं आणि उतीसंवर्धन हा हातगुणाचा प्रकार राहिला नाही, हिशेबाचा झाला. हिशेब जमला की एका पेराचे चार, चाराचे सोळा. दीड-दोन वर्षांत एका झाडाची हजारो झाडं.

मराठी माणसाला हे नवं नाही. टिशू कल्चरची केळी जळगावापासून अर्धापूरपर्यंत झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस, नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटलीतल्या बांबूला फुलं आणली, आणि तो शोध १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो. इथे तो बोटभर उंचीवर फुलला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचं बेणंही बाटलीतून निघतं. शिरूरची माणसं दिवाळीनंतर ज्या फडात कोयता घेऊन उतरतात, त्यातल्या कित्येक उसांची पणजी अशाच एखाद्या बाटलीत वाढलेली असणार.

केळी आणि ऊस सोपे, कारण तिथे आपल्याला फक्त झाड हवं असतं. औषधी वनस्पतीचं तसं नाही. तिथे झाड हे नुसतं भांडं आहे. हवा असतो तो आतला पदार्थ. आणि बाटलीतल्या अश्वगंधेची अडचण इथेच सुरू होते. ती हिरवीगार असते, भराभर वाढते, पण औषधाच्या बाबतीत बरेचदा कंजूष निघते. कॅलस तर त्याहून कंजूष.

कारण साधं आहे. आपण ज्याला औषध म्हणतो ते झाडाच्या लेखी औषध नाहीच. ते हत्यार आहे. अळी पान कुरतडायला आली, बुरशी मुळात शिरली, उन्हानं होरपळ झाली की झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते कडू, उग्र, विषारी रसायनं तयार करतं. अश्वगंधेतली विथॅनोलाइडं त्याच भात्यातली. बांधावरच्या ढोरगुंजेला रोज कुणी ना कुणी छळतं. बाटलीतलीला छळायला कोणी नाही. साखर आयती, पाणी आयतं, किडीमुंगीचा वारा नाही. हत्यार घडवायचं कशाला? लाडावलेल्या पोराकडून घरकामाची अपेक्षा करण्यासारखंच हे.

म्हणून तिला चिथावावं लागतं. संशोधक बाटलीत यीस्टचा अर्क टाकतात, कोळंबीच्या कवचातून काढलेलं कायटोसान टाकतात, किंवा झाडं धोक्याच्या वेळी स्वतः तयार करतात तो जॅस्मोनेटचा निरोप बाहेरून पोचवतात. पेशी फसते. शत्रू आला असं समजून भट्टी पेटवते. या चिथावण्यांतली एक, आणि माझ्या मते सगळ्यांत गमतीची, म्हणजे आवाज.

आवाज म्हटलं की लोक लगेच संगीतावर जातात, म्हणून ते आधी बाजूला सारतो. अण्णामलै विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ टी. सी. सिंग यांनी १९५०-६० च्या सुमारास झाडांना वीणा-व्हायोलिन ऐकवून वाढ मोजली. अमेरिकेत डोरोथी रिटॅलॅक या बाईंनी १९७३ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केलं की झाडं अभिजात संगीताकडे झुकतात आणि रॉक संगीतापासून तोंड फिरवतात. झाडांची आवड नेमकी त्या बाईंच्या आवडीशी जुळावी, यातच काय ते आलं. अजूनही कुणी द्राक्षबागेत सनई लावल्याची बातमी येते आणि आपण कौतुकानं वाचतो. झाडाला राग कळत नाही. त्याला कान नाहीत. पण त्याला धक्का कळतो, आणि आवाज म्हणजे अखेर बारीक बारीक धक्क्यांची माळ.

शिरूरच्या नावातच कासार आहे, तर काशाचंच उदाहरण घेऊ. माझ्या आजीकडे काशाचं जड ताट होतं. ते तीन बोटांवर तोलून धरायचं आणि काठावर उलथण्याचा दांडा हलकेच मारायचा. ठण्ण! आवाज बराच वेळ रेंगाळायचा. आता ताटात चिमूटभर रवा पसरून पुन्हा मारा. कण उड्या मारतात आणि काही ठिकाणी गोळा होतात, काही ठिकाणाहून पळून जातात. बोट काठाला लावलं की आवाजही मेला आणि रवाही थांबला. कानाला जो नाद वाटतो तो रव्याला नुसता हादरा वाटतो. पेशी ही रव्यासारखी आहे.

आणि हादरे ओळखण्यात झाडं भलतीच तरबेज आहेत. वांग्याचं, टोमॅटोचं फूल भुंग्यानं धरून ठराविक गतीनं थरथरवलं की त्यातून परागांची फक्की उडते; नुसतं हाताळून तेवढी उडत नाही. मिसूरी विद्यापीठात अ‍ॅपल आणि कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ मध्ये याहून सुरेख प्रयोग केला. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर अळी पान खात असताना पान किती थरथरतं हे त्यांनी लेझर किरणानं टिपलं. मग अळी काढून घेतली आणि नुसती ती थरथर दुसऱ्या रोपांच्या पानांना दिली. पुढे या रोपांवर खऱ्या अळ्या सोडल्या तेव्हा त्यांनी, शांत ठेवलेल्या रोपांपेक्षा, मोहरीच्या झणझणीतपणामागची संरक्षक द्रव्यं जास्त तयार केली. वाऱ्याची थरथर दिली किंवा तुडतुड्याच्या गाण्याची दिली, तर काही फरक पडला नाही. म्हणजे झाड कुठल्याही हादऱ्यानं बिथरत नाही. दातांचा हादरा त्याला निराळा कळतो.

हे कसं घडतं त्याचा अंदाज आता बऱ्यापैकी बसला आहे. पेशीच्या पातळ पडद्यात बारीक झडपा असतात. पडदा ताणला गेला की झडपा उघडतात आणि बाहेरचा कॅल्शियम आत घुसतो. एरवी पेशीच्या आत कॅल्शियम अगदी नगण्य असतो, त्यामुळे थोडा जरी आला तरी बोंब होते. पाठोपाठ हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक रसायनं, मग जनुकं जागी होणं, मग संरक्षक द्रव्यांच्या कारखान्यातली विकरं. अळी असो, यीस्टचा अर्क असो की आवाज, दार वेगवेगळं असलं तरी आतली धावपळ बरीचशी सारखीच.

आता बाटलीकडे. चीनमधल्या चोंगछिंग विद्यापीठात २००० नंतरच्या दशकात शेवंतीच्या उती आणि रोपं स्पीकरसमोर ठेवून बरेच प्रयोग झाले. आवाज १००० हर्ट्‌झचा, पातळी १०० डेसिबलच्या घरातली. वरातीतला डीजे चार पावलांवर आला की जे होतं तेवढा. मध्यम मात्रेत वाढ सुधारली, जास्त केल्यावर बिघडली. डेंड्रोबियम या औषधी आर्किडच्या रोपांवरही तिथे काम झालं. त्यात पेशींची दाहशामक विकरं वाढल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मला स्पीकरच्या प्रयोगांबद्दल थोडी शंका आहे, आणि ती पदार्थविज्ञानाची आहे. हवेतून येणारा आवाज पाण्यावर आदळला की त्याच्या ऊर्जेतला हजारातला जेमतेम एक भाग आत जातो. बाकी सगळा परत फिरतो. विहिरीत बुडी मारून वरच्याच्या हाका ऐकायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. उती तर पाण्यानं भरलेली, पाण्याच्या गादीवर बसलेली, शिवाय काचेच्या आत. अशा वेळी रोपापर्यंत जे पोचतं ते हवेतून पोचतं की स्पीकरनं फळी हादरवली म्हणून, आणि स्पीकरची ऊबही त्यात आहे का, हे तपासल्याशिवाय मी तरी पैज लावणार नाही.

पाण्यातूनच आवाज दिला तर हा अडसर राहत नाही. इथे कानाला न ऐकू येणारा आवाज कामाला येतो. माणसाचा कान २० हर्ट्‌झपासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. त्यापुढचा तो श्राव्यातीत, अल्ट्रासाउंड. आपल्या भागात या शब्दाला वाईट वास आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, आणि त्या कमी होण्यात सोनोग्राफीच्या यंत्राचा हात होता. त्याच जातीचा आवाज बाटलीतल्या पेशीला औषध करायला लावतो, हे लिहिताना दर वेळी हात थोडा अडखळतो.

सोनोग्राफीचा आवाज लाखो हर्ट्‌झचा असतो. झाडाच्या पेशींसाठी बहुधा २० ते ४० हजार हर्ट्‌झ वापरतात, आणि त्याचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल: सराफाच्या किंवा चष्म्याच्या दुकानातली ती स्टीलची छोटी टाकी, जिच्यात पाणी घालून दागिना सोडला की चर्र आवाज येतो आणि मळ धुरासारखा निघतो. पाण्यात ४०,००० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी पावणेचार सेंटिमीटर भरते. पेशी त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. एवढी मोठी लाट एवढ्याशा पेशीला थेट काय करणार? काम करतात ते बुडबुडे. लाटेच्या ताणानं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात-आकसतात आणि काही फटकन मिटतात. मिटताना आसपासच्या पाण्याला झटका बसतो. दागिन्यावरचा मळ उडतो तो त्या झटक्यानं. पेशीचा पडदा ताणला जातो तोही त्यानंच. जोर वाढवला तर पडदा ताणला न जाता फाटतो आणि खेळ संपतो.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात वू आणि लिन यांनी २००२ च्या सुमारास या मधल्या चिंचोळ्या जागेत काम केलं. कोरियन जिनसेंगच्या पेशींना त्यांनी अगदी सौम्य अल्ट्रासाउंड थोडाच वेळ दिला, तर पेशी मेल्या नाहीत, पण हल्ला झाल्यासारख्या वागू लागल्या आणि सॅपोनिनं वाढली. शिकोनिनचं उदाहरण मला जास्त आवडतं. हा लाल रंग देणारा औषधी पदार्थ. जपानमध्ये १९८० च्या दशकात वनस्पतिपेशींच्या टाक्यांतून व्यापारी प्रमाणावर काढलेला पहिला माल हाच, आणि तो लिपस्टिकमध्ये गेला. त्या पेशींना काही मिनिटं अल्ट्रासाउंड दिल्यावर उत्पादन ६० ते ७० टक्क्यांनी वाढलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एरवी पाचवा हिस्साच पेशीबाहेर पडायचा, तो आता दोन तृतीयांशांच्या आसपास आपणहून बाहेर येऊ लागला. औषध काढायला पेशी मारावी लागत नाही. म्हशीला पान्हा फुटावा तसं ते माध्यमात उतरतं, आणि पेशी पुन्हा कामाला.

हे महाराष्ट्राला का लागू आहे, ते नरक्यावरून कळतं. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले आणि मनरो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य त्यांनी हुडकलं. १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही याच जोडीनं उलगडली. खानदेशातल्या माणसाच्या नावावर कर्करोगाची दोन मोठी औषधं आहेत, आणि आपल्या शाळेतल्या पोरांना ते माहीत नसतं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या एका वास मारणाऱ्या झाडात कितीतरी जास्त आहे. तोच आपला नरक्या. नाव असं असलेल्या झाडाकडे तोवर कुणी फिरकत नव्हतं. नंतर मात्र कुऱ्हाडी निघाल्या. द्रव्य लाकडात, म्हणजे औषध हवं तर झाड तोडायचं. घाटातली अख्खी राई ट्रकांतून परदेशी गेली.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात फुलझेले, सातदिवे आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांच्याकडून कॅम्प्टोथेसिन करवून घेतलं, ते यासाठी. २००५ मध्ये त्यांनी ते द्रव्य बाहेर काढण्याच्या पद्धतींची तुलना केली. अल्ट्रासाउंड त्यात होता, पण बाजी मारली मायक्रोवेव्हनं. हे मुद्दाम सांगतो. आवाज सगळीकडे पहिला येत नाही.

अश्वगंधेसाठी आवाजाचा उपयोग आणखी एका वाटेनं झाला. मातीत एक जिवाणू असतो, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजीनस, जो झाडाच्या जखमेतून शिरून स्वतःची जनुकं त्याच्यात सोडतो आणि तिथे केसाळ मुळांचं जंजाळ फुटतं. ही मुळं संप्रेरकाशिवाय बाटलीत वाढत राहतात, आणि अश्वगंधेचं औषध तर मुळातच हवं. अडचण जिवाणू आत शिरण्याची. ट्रिक आणि फिनर यांनी १९९७ मध्ये सोयाबीनवर दाखवलं होतं की काही सेकंद अल्ट्रासाउंड दिला की उतीवर असंख्य बारीक चिरा पडतात आणि जिवाणूला दारंच दारं मिळतात. तामिळनाडूतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हीच युक्ती, जोडीला थोडी उष्णता देऊन, अश्वगंधेवर वापरली आणि केसाळ मुळं धरण्याचं प्रमाण सुधारलं.

वाचून हुरूप आला म्हणून मीही एकदा करून पाहिलं. ओळखीच्या सराफाची टाकी दोन दिवस मागून आणली. बारा बाटल्या पाच-पाच मिनिटं टाकीत धरल्या, बारा तशाच शेल्फावर ठेवल्या. तीन आठवड्यांनी टाकीतल्या बाटल्यांत फुटवे स्पष्ट जास्त दिसले. मी खूश. मग एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, शेवटच्या बाटल्या घातल्या तेव्हा पाणी किती गरम होतं?” टाकीतलं पाणी अल्ट्रासाउंडनंच तापत जातं. पहिल्या बाटलीला पंचवीस अंशांचं मिळालं असेल, शेवटच्यांना कोमट. फुटवे आवाजाचे की उबेचे, ते सांगण्याची सोयच मी ठेवली नव्हती. शेल्फावरच्या बारा बाटल्याही तेवढ्याच गरम पाण्यात, यंत्र बंद ठेवून, तेवढाच वेळ धरायला हव्या होत्या. वहीतली ती पानं मी फाडली नाहीत, आडवी रेघ मारून ठेवली.

दुसऱ्यांदा थर्मामीटर टाकीत बांधला, दर बाटलीमागे पाणी बदललं आणि मुलांनी चार गट केले: काही नाही, नुसतं पाणी, अर्धा मिनिट, दोन मिनिटं. दोन मिनिटांच्या गटातले निम्मे तुकडे आठवड्यात तपकिरी पडले. अर्ध्या मिनिटाचा गट आणि नुसत्या पाण्याचा गट यांत डोळ्याला फरक दिसेना. मुळीत विथॅनोलाइडं वाढली का, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि या विषयात डोळ्याला दिसतं ते फार महत्त्वाचं नसतंच.

उरलेली रोपं टाकून द्यायला मुलं तयार होईनात. मुळांना चिकटलेलं आगर धुऊन त्यांनी ती कोकोपीटच्या पेल्यांत लावली, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, रोज एकेक भोक वाढवत पंधरा दिवसांत उघडी केली आणि कुंपणालगत मातीत सोडली. चौथ्या दिवशी सकाळी पानांची जाळी झालेली होती. वांग्यावर येतो तो ठिपक्यांचा भुंगेरा आला होता; त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाच्या पाठीला चिकटून हिरवा गर खरवडत होत्या. मुलं फवाऱ्यासाठी धावली. मी त्यांना थोडा वेळ थांबवलं आणि पानाला कान लावून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही.